बिट्टीच्या खोलीची डागडुजी

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. साल नक्की आठवतं, कारण त्या उन्हाळ्यात कचेरीतले सगळे जुने नकाशे फूट-इंचांतून मीटरमध्ये उतरवायचं काम निघालं होतं आणि ट्रेसरबाईच्या डोक्यात दिवसभर दोन-दोन मापं नांदत होती. कचेरीत तिला सगळे ट्रेसरबाईच म्हणत. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ काळ्या शाईनं वर उतरवायची, हे तिचं काम. स्वतःच्या मनाची रेघ काढायची नाही, दुसऱ्याची एकही चुकवायची नाही. अकरा वर्षं ती हे करत होती. तिच्या हातून गेलेल्या नकाशात चूक सापडलीच तर ती साहेबांची असे, आणि तीसुद्धा तिनं जशीच्या तशी उतरवलेली असे. अशात एका मंगळवारी ती घरी आली तर दाराच्या फटीत मुलीचं पोस्टकार्ड. दहा वर्षांची बिट्टी सुट्टीत आत्याकडे गेली होती. आत्या म्हणजे ट्रेसरबाईची थोरली नणंद. बसनं दोन तासांच्या अंतरावर राहायची, पोटी मूल नव्हतं, घर मोठं होतं. कार्डावर पाच ओळी होत्या. आई-बाबा, मी इथेच राहू का? इथल्या शाळेत सुट्टीनंतर नाव घालता येईल असं आत्या म्हणते. मला इथली खोली आवडते. रागावू नका. तुमची बिट्टी. अक्षर गोल, एक काट नाही की डाग नाही. लिहिताना बिट्टी कुठेच अडत नसे.

नवऱ्यानं कार्ड वाचलं, उलटं करून पत्ता वाचला आणि म्हणाला, "पोरखेळ आहे. तिकडे लाड होतात. येईल आठ दिवसांत." पण ट्रेसरबाईच्या मनात एकच ओळ रुतून बसली, आणि ती कामाच्या माणसाला जशी रुतावी तशी रुतली: इथली खोली आवडते. म्हणजे आपली आवडत नाही. खोलीत खोट आहे, आणि खोट असेल तर काढता येते. हा विचार आला तेव्हा तिला चक्क बरं वाटलं होतं. पुढे पुष्कळ वर्षांनी तिला त्या बरं वाटण्याचीच अधिक लाज वाटायची. त्या संध्याकाळी मात्र तिनं टेप काढली आणि बिट्टीच्या खोलीत शिरली. खोली मूळची अडगळीची. आठ फूट बाय सात, म्हणजे दोन मीटर चव्वेचाळीस बाय दोन मीटर तेरा. खिडकीचं एक दार फुगलेलं, बसत नव्हतं. दिवा छताच्या मधोमध, त्यामुळे टेबलाशी बसलं की आपलीच सावली वहीवर. पलंग लहानपणचा, पाय लांब केले तर टाचा कठड्याबाहेर. फ्रॉक अडकवायची खुंटी मोठ्या माणसाच्या उंचीवर. खुर्ची मागे सरकवली की फरशीवर किंचाळायची. हे सगळं आपल्याला इतक्या वर्षांत दिसलं कसं नाही, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, दिसलं ना आता. तिनं रीतसर नकाशा काढला. वर नाव घातलं, खाली माप, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. कचेरीतून आठवड्याची रजा घेतली आणि सुताराला बोलावणं धाडलं.

मिस्त्री वयानं साठीचा, अंगानं काटकुळा, बोलायला फटकळ. त्यानं नकाशा हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "बाई, पोरीची खोली आहे का धरण आहे?" तो म्हणाला. "हा बाण कशाला?" "उत्तर दिशा." "पोरगी चुकंल का काय खोलीत?" तिला हसू आलं. त्याच वेळी मनात तिनं त्याचा आवाज टिपून घेतला. चुकंलवरचा तो हेल, बोलून झाल्यावर नाक वर ओढायची लकब. हे तिला सवयीनं व्हायचं, शाई टिपकागदात मुरावी तसं. आज हे यांना ऐकवायचं, असं ठरूनही गेलं. दोन दिवस छान गेले. मिस्त्रीनं खिडकीचं दार रंधून बसवलं आणि वारा आत येऊ नये म्हणून कडेला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी मारली. पलंगाचा पायाकडचा कठडा काढून तो नऊ इंचांनी लांब केला. खुंट्या खाली घेतल्या, आणि कुठवर घ्यायच्या ते विचारल्यावर ट्रेसरबाई म्हणाली, "माझ्या खांद्याला लागते ती." "लागते, का मागल्या वर्षी लागायची?" मिस्त्रीनं विचारलं. त्यावर तिनं दोन बोटं वर घ्यायला सांगितलं. खुर्चीच्या पायांना रबराचे तुकडे तिनं स्वतः चिकटवले. दिवा भिंतीवर घेतला, टेबलाच्या डाव्या अंगाला. टेबलावर रंगाचा हात मारताना मधोमध खरचटल्याच्या चार खुणा दिसल्या, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. त्या खुणांवरून ती बिट्टीला किती वेळा रागावली होती. काय नाचतेस टेबलावर स्टूल ठेवून? बिट्टी डोळे मिटून उभी राहायची, तिचा उजवा हात मांडीवर हलके हलके आपटायचा, ओठ जुळायचे, आणि शब्द यायचा नाही. मग ट्रेसरबाईच म्हणायची, "जाऊ दे, जा खेळायला."

तिसऱ्या दिवशी दारासमोरच्या भिंतीवर पुस्तकांची फळी बसवायची होती. तिथं बिट्टीनं जहाजाचं एक जुनं कॅलेंडर लावलेलं होतं; बरंच उंच, पोरीनं इतक्या वर कशाला लावावं असं वाटण्याइतकं उंच. मिस्त्री स्टुलावर चढला, कॅलेंडर काढलं, आणि म्हणाला, "बाई, हितं भगदाड आहे की. नकाशात दाखवलं नाही तुम्ही." तेव्हा कुठे तिला आठवण झाली. झरोका तिनंच पाडून घेतला होता. बिट्टी वर्षाची असताना तिच्या छातीत घरघर व्हायची, डॉक्टर म्हणाले मुलाला मोकळ्या हवेत वेगळं निजवा. म्हणून अडगळीची खोली रिकामी केली, आणि पलीकडच्या आपल्या खोलीत पडल्या-पडल्या पोरीचा श्वास कानावर यावा म्हणून दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक फूट बाय नऊ इंचांची खिडकी काढवली, आपल्या बाजूनं जाळी मारली. गवंड्याला कागदावर माप काढून दिलं होतं तिनं. केवढं कौतुक झालं होतं त्या युक्तीचं. पोरगी सुधारली, घरघर गेली, आणि आपल्या बाजूला कपाट आलं, कपाटावर बॅगा आल्या, त्यांच्या आड झरोका गेला तो डोक्यातूनही गेला. "कोंदलंय," मिस्त्री म्हणाला आणि बोटांनी ओढू लागला. "पण काय कोंदलंय बघा. उंदराचं काम नाही हे. ह्याला घडी आहे." आणि तो एकेक थर काढून खाली तिच्या हातात देऊ लागला.

सर्वांत वर वहीला घालायचा खाकी कागद, दुमडून दुमडून पुठ्ठ्यासारखा केलेला, कडा बरोबर झरोक्याच्या मापाच्या. त्यावर या वर्षीच्या इयत्तेचं लेबल. त्याखाली तिच्या नवऱ्याचे हरवलेले दोन लोकरी मोजे, एकात एक घातलेले. मग कापूस; तो मागच्या वर्षीचा, कारण मागच्या वर्षीच बिट्टीची उशी एकाएकी पातळ झाली होती आणि ट्रेसरबाई दुकानदाराला लबाड म्हणाली होती. मग फुलाफुलांचा फ्रॉक, बिट्टीच्या आठव्या वर्षाचा, जो कामवालीनं पळवला असं धरून तिनं तिला कामावरून काढलं होतं. तिनं तो हातात घेतला आणि कामवालीचा चेहरा आठवेना. शेवटी अगदी आतून, भिंतीच्या गारव्यानं दमट झालेले चार पांढरे रुमाल आले. ते तिनं ताबडतोब ओळखले. नकाशाचं वाया गेलेलं कापड गरम पाण्यात धुतलं की त्यावरची खळ निघून जाते आणि खाली इतकं तलम सूत लागतं की बाजारात मिळायचं नाही. सगळ्या ट्रेसरांच्या घरी असे रुमाल असतात. हे चार तिनं बिट्टी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा शिवले होते, कोपऱ्यात निळी मुंगी काढून. मुंगी अजून होती. म्हणजे सहाव्या वर्षी. म्हणजे तेव्हापासून. हातात तो ढीग घेऊन ती उभी राहिली आणि नकाशावरच्या तारखा वाचाव्यात तसं तिला एक-एक साल वाचता येत होतं. पहिला थर पुरला नव्हता, म्हणून दुसरा. दुसराही पुरला नव्हता. टेबलावर स्टूल, स्टुलावर सहा वर्षांची पोर, मग सातची, मग आठची.

काय बुजवत होती ती, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाही नाही. तिला ते ठाऊकच होतं. पायरी चुकल्यावर पाय टेकायच्या आधीच कळतं तसं. तिचा नवरा मुलखाचा मुका. सबंध दिवसात चार वाक्यं. लग्न झाल्यावर वर्षभर तिला वाटायचं, आपण एका कपाटाशी संसार करतोय. मग एकदा तिनं कचेरीतल्या थोरल्या साहेबांची नक्कल केली, त्यांचं ते प्रत्येक वाक्यानंतर खिशातला रुमाल चाचपणं, आणि हा माणूस हसला. पोट धरून हसला, डोळे पुसले, म्हणाला, "पुन्हा कर." त्या हसण्यासाठी तिनं काय नाही केलं? रोज संध्याकाळी घरी येऊन कपडे बदलायचे, आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करता करता दिवसभरातली माणसं एकेक करून यांच्यापुढे उभी करायची. साहेब, शिपाई, शेजारीण, खुद्द वन्सं. आणि बिट्टी. बिट्टी पहिलीत गेली तेव्हापासून शब्दापाशी थांबू लागली. पाणी मागायचं तर डोळे मिटायची, मांडीवर हात आपटायची, प-प-प करून शब्दाला दार उघडायला लावायची. एका संध्याकाळी हिनं घड्या करता करता सहज डोळे मिटले, मांडीवर हात आपटला. नवरा इतका हसला की वर्तमानपत्र खाली पडलं. "अगदी हुबेहूब," तो म्हणाला. त्यात माया नव्हती का? होती. पोरीचा पापा घ्यावा तशी ती नक्कल तिनं केली होती, पहिल्यांदा. मग दर चार-आठ दिवसांनी. मास्तरांपुढे कविता म्हणणारी बिट्टी. पाहुण्यांना नाव सांगणारी बिट्टी. नवरा दमून आला, गप्प बसला, की ती आपली बिट्टी काढायची; हुकमी पान. आणि पोरीसमोर कधी नाही हं, हे ती स्वतःला बजावायची. तेवढं पथ्य आपण पाळतो, याचा तिला मनातून अभिमान होता. त्या वेळी बिट्टी पलीकडे अभ्यास करत असायची. दार लावलेलं असायचं.

"बाई," मिस्त्री म्हणाला, "फळी मारू का नको?" ती म्हणाली, "मिस्त्री, एक काम करा. पलीकडच्या खोलीत जा आणि काही तरी बोला." "काय बोलू?" "काहीही. घरात बोलता तसं. मोठ्यानं नको." मिस्त्रीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू उन्हाळा बाधलाय का हे तपासतोय, आणि गेला. ती बिट्टीच्या खुर्चीवर बसली. टेबलावर हात ठेवले. रंग अजून ओला होता, कोपराला लागला. पलीकडे मिस्त्रीच्या चपलांचा आवाज आला, मग पलंगाची कुरकुर; तो बसला होता. नाक वर ओढल्याचं ऐकू आलं. मग त्याचा आवाज, बेताचा, जवळच्या माणसाशी बोलावा तसा, अगदी तिच्या डोक्याच्या वरून खाली उतरला: "बाई हुशार आहे, पण अर्धवट आहे. पोरगी आत्याकडं निघाली ती काय खुर्चीला रबर नाही म्हणून? घरात काय तरी झालं असणार. कोण सांगंल हिला." एक शब्द हरवला नाही. सांगंलवरचा हेलसुद्धा तसाच आला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि ती खुर्चीत खाली खाली सरकत गेली, पार हनुवटी टेबलाला लागेतो, आणि तेव्हा तिला कळलं की या खुर्चीत बिट्टी अशीच बसत असणार. तिला ती कितीदा म्हणाली होती, पाठ सरळ कर, कुबड येईल. मिस्त्री दारात आला. "आलं ऐकू?" "नाही," ती म्हणाली. "आवाज आला. शब्द नाही लागले." "मग बरंय," मिस्त्री म्हणाला आणि स्क्रू शोधू लागला. थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता, त्यानं विचारलं, "विटा लावून बुजवून टाकू?" ती हो म्हणाली.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती घड्या करत होती. तो वर्तमानपत्र घेऊन बसला, वाट पाहिली, मग म्हणाला, "आज मिस्त्रीबुवांचा प्रयोग नाही?" तिनं त्याला झरोका सांगितला. थर सांगितले, मोजे सांगितले. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. "सगळं ऐकू जायचं?" "सगळं." "तूच करायचीस," तो म्हणाला. "तुम्ही हसायचात," ती म्हणाली. लग्नाच्या बारा वर्षांत ते एकमेकांना इतकं खरं कधी बोलले नव्हते, आणि त्यानंतरही बोलले नाहीत. बोलून झाल्यावर दोघांनीही भिंतीकडे पाहिलं, जणू पलीकडे अजून कोणी बसलेलं होतं.

रविवारी आत्या बिट्टीला घेऊन आली; मुलीनं कुठे राहायचं याचा निकाल लावायला, असं तिनं आधीच कळवलं होतं. चार दिवसांत ट्रेसरबाईनं वाक्य तयार केलं होतं. फार मोठं नाही. बिट्टी, मी तुझी टवाळी करत होते, ते चुकलं, पुन्हा होणार नाही, तू राहा. पोळपाटाशी, नळाशी, आरशापुढे तिनं ते म्हणून पाहिलं होतं. आत्यानं दारातूनच खोली पाहिली. "काय गं, महाल केलास की पोरीला," ती म्हणाली. "आता माझ्याकडे कशाला राहतेय ही." बिट्टी मात्र एकेक वस्तू रीतसर पाहत गेली, परक्या घरी पाहावी तशी. खिडकी उघडून लावली. पलंगाला हात लावला. खुंटीला हात पुरवला. खुर्ची सरकवली, आवाज आला नाही. प्रत्येक वेळी मान हलवली. मग तिनं वर पाहिलं. फळीच्या वर गिलाव्याचा एक फूट बाय नऊ इंचांचा ओला चौकोन होता, भिंतीपेक्षा काळपट. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि तिची मान लाल होत गेली, मानेवरून कानांपर्यंत. चोरी सापडावी तसं. चोरी तिची! मग तिनं वळून आईकडे पाहिलं. ट्रेसरबाईनं वाक्य काढलं. बिट्टी, एवढं आलं. पुढचा शब्द आलाच नाही. घसा होता, जीभ होती, शब्द तिथंच कुठेतरी अडला होता. तिनं डोळे मिटले, जोर लावला, आणि आपला उजवा हात मांडीवर आपटतोय हे तिला आवाजावरून कळलं. चार वर्षं तालीम झालेला हात. तो थांबेना. तिनं डोळे उघडले तेव्हा बिट्टी तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या मागं, आत्याकडे बघत होती. "आई," बिट्टी म्हणाली, "आत्यापुढे नको ना करूस." हे ती एका दमात म्हणाली, कुठेही न अडता. अडखळणारी माणसं जे वाक्य न अडखळता म्हणतात, ते त्यांनी फार दिवस पाठ केलेलं असतं, हे ट्रेसरबाईला पुढे कळलं. तेव्हा ती फक्त म्हणाली, "नाही गं. नाही," आणि आत्यानं विचारलं, "काय नको? काय झालं?" बाप दारात उभा होता; तो चपला घालून कोपऱ्यावरून काही तरी आणायला गेला.

बिट्टी आत्याकडेच राहिली. जाताना तिनं लांब केलेल्या पलंगावर एकदा आडवं होऊन दाखवलं, आईला वाईट वाटू नये म्हणून, आणि म्हणाली, "प-पुरतो." मिस्त्रीनं पुढं आणखी दहा वर्षं कामं केली, फळी ढिली झाली का ते बघायला म्हणून दोनदा येऊन गेला, पोरीचं नाव मात्र काढलं नाही. एका हिवाळ्यात तो कामावर असतानाच वारला असं त्याच्या जावयानं सांगितलं. कामवाली सापडली नाही. ट्रेसरबाईनं तिच्या वस्तीत जाऊन तीनदा चौकशी केली होती. आत्यानं बिट्टीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं आणि नव्वद वर्षं पुरी करून गेली. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की वहिनीला पोर जड झाली होती म्हणून दिली. ट्रेसरबाईनं तो समज कधी खोडला नाही, कारण खरी गोष्ट त्याहून बरी नव्हती. नवरा निवृत्त झाला, आणि झाल्यावर अधिकच मुका झाला. त्यानं पुन्हा नक्कल मागितली नाही, तिनं केली नाही. कचेरीत लोक म्हणायचे, ट्रेसरबाईंना बढती मिळाल्यापासून फार शिष्टपणा आला. नवराही पंधरा वर्षांपूर्वी गेला. बिट्टी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करून आता निवृत्त झाली आहे. अडखळणं कमी झालं, गेलं नाही. तिच्या दोन मुलांना ते दिसतसुद्धा नाही. वर्षातून दोनदा येते, चार दिवस राहते, आईचे पाय चेपते, औषधांच्या वेळा कागदावर लिहून देते.

गेल्या खेपेला ट्रेसरबाई ब्याऐंशी वर्षांची होती. दुपारची वेळ होती, दोघी समोरासमोर बसल्या होत्या, आणि तिनं ठरवलं की आता नाही तर कधीच नाही. "बिट्टी, तुला एक," ती म्हणाली आणि थांबली. बिट्टीनं हातातलं विणकाम खाली ठेवलं. अडलेल्या माणसाचा शब्द लोक घाईनं पुरा करून टाकतात, तसं तिनं काही केलं नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही, कसली गोष्ट ते विचारलं नाही. ती नुसती बसून राहिली, हात मांडीवर उघडे ठेवून. "सावकाश बोल," ती म्हणाली. "म-मला घाई नाही." खिडकीतलं ऊन फरशीवर वीतभर सरकलं तरी ती बसून होती. मग ट्रेसरबाईनं विचारलं, "चहा टाकू का?" आणि बिट्टी विणकाम उचलून म्हणाली, "टाक."